सासूबाईंचं पिस्तूल आणि मेरीलँडची पट्टी

कार्लाइल, पेनसिल्व्हेनिया
रविवार, चर्चमधून आल्यावर

तीर्थस्वरूप सासूबाई ब्यूला ऑटिंजर यांना जावई होबार्ट रेनर याचा वाकून नमस्कार.

तुमचं पिस्तूल सुखरूप आहे. हे आधी लिहून टाकतो, कारण पाकीट फोडल्यावर माझी तब्येत, हवापाणी, रस्ता वगैरे सगळं ओलांडून तुमची नजर तेच शोधत खाली जाणार. आता चष्मा नीट बसवा आणि सावकाश वाचा. तुमचा गुडघा कसा आहे? मलम दोन्ही वेळा लावता ना? कोंबड्यांना दाणे टाकायला शेजारचा रस्टी येतो की नुसता कॉफी पिऊन जातो? इकडे तुमची नात ट्वायला मजेत आहे, जरा सुटली आहे, पण ते तिला सांगायचं काम मी तुमच्यावर सोडलं आहे. फोन केला असता, पण माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही 'बरं बरं' म्हणून फोन ठेवता, आणि मला जे सांगायचं आहे ते पहिल्या वाक्यात मावणारं नाही. (जन्मभर न्हाव्याचा धंदा केला. खुर्चीतलं गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नाही, त्यामुळे लांबण लावायची सवय जडली, हे तुमचंच म्हणणं.)

तर निघायच्या दिवशी सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात तुमचे केस कापले, तेव्हा तुम्ही काय बजावलंत ते मला अजून पाठ आहे. एकटा चाललास, वाटेत सगळा डोंगराळ भाग, आणि तू असा भोळसट की रस्त्यात लुटारू भेटला तर त्याचीही हजामत करून देशील. म्हणून पिस्तूल जवळ ठेव. मी मुकाट्याने हो म्हटलं. त्या पिस्तुलाला नाही म्हणायची माझी काय बिशाद? आमच्या लग्नाच्या दिवशी ते तुम्ही तुमच्या लेकीच्या, नेडीनच्या हातात दिलं होतंत, माझ्यादेखत, आणि माझ्याकडे बघत. तिने ते शेवटपर्यंत पर्समध्ये बाळगलं, आणि ती गेल्यावर तुम्ही मला परवान्याच्या वर्गात नेऊन बसवलंत. तिथले मास्तर म्हणाले होते, रेनर, तुम्ही नेम धरला की सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे ते लक्ष्य.

आता खरी गोम मेरीलँडची. आपला टेनेसीचा परवाना व्हर्जिनियात चालतो, वेस्ट व्हर्जिनियात कोणी विचारत नाही, पेनसिल्व्हेनियातही चालतो. पण मधे जेमतेम बारा मैलांची मेरीलँडची पट्टी आडवी येते आणि तिथे आपल्या कागदाला रद्दीची किंमत. तिथे पिस्तूल रिकामं, कुलूपबंद, डिकीत. त्यामुळे नदीच्या अलीकडच्या शेवटच्या पेट्रोल पंपावर जो सोहळा चालतो तो नेडीनबरोबर इतकी वर्षं जाऊनही मी कधी पाहिला नव्हता. कारण त्या वेळी ती मला कॉफी आणायला पिटाळायची. मी परत येईपर्यंत सगळं आवरलेलं असायचं आणि ती कंगव्याने केस नीट करत बसलेली असायची. मला वाटायचं, बाईला कॉफीची तल्लफ आली आहे.

या खेपेला एकट्याने पाहिलं आणि थक्क झालो, सासूबाई. दुपारच्या उन्हात ओळीने गाड्या उभ्या, सगळ्या डिक्या उघड्या, आणि प्रत्येक डिकीत एकेक डोकं. सगळी आपल्याकडची चांगली, देवभीरू माणसं. एक आजोबा पायमोज्यातून पिस्तूल काढत होते, आजीबाई त्यांचा तोल सांभाळत होत्या आणि म्हणत होत्या, मी घरीच सांगितलं होतं, कमरेला लाव. एक लठ्ठ पाद्री होते, त्यांचं नेमकं कुठे होतं ते कळलं नाही, पण बराच वेळ लागला. लपवून बाळगायच्या वस्तू सगळ्यांनी एकमेकांसमोर काढायच्या आणि कोणी कोणाकडे बघायचं नाही, सगळे आभाळाकडे बघून हवामानाच्या गप्पा मारतात. मला आपल्या माणसांचा फार अभिमान वाटला. बारा मैलांसाठी कोण एवढं करतं?

मी तुमच्यासमोर, तुमच्याच टेबलावर पिस्तुलाची पेटी बंद केली होती, त्यामुळे मला फक्त ती पुढच्या सीटवरून उचलून डिकीत ठेवायची होती. पण खात्री म्हणून कुलूप ओढून बघितलं तर ते सुटलं आणि पुन्हा लागेना. शेजारच्या हिरव्या गाडीपाशी एक बाई आपलं काम आटपून उभी होती. उंच, ताठ, कपाळावर कापताना फसलेली झुलपं. (माझी नजर आधी केसांवर जाते, त्याला इलाज नाही.) थोडा वेळ तिने माझी झटापट पाहिली आणि म्हणाली, अहो, ते कुलूप आहे, कोंबडीची मान नव्हे. माझी पेटी आपल्या डिकीच्या कडेवर ठेवली, कुलपाला तळहाताने एक चापट दिली आणि ते गुमान बसलं. नाव मार्व्हेला एकर्स, राहणार व्हर्जिनियातलं वाइथव्हिल, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, शाळेची बस चालवून निवृत्त. बस चालवणाऱ्या बाईचा आवाज कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. तिने 'चला' म्हटल्यावर आजूबाजूच्या सगळ्या डिक्या बंद झाल्या.

नदी ओलांडली आणि मेरीलँडात शिरतो न शिरतो तोच मागे पोलिसाचा दिवा. मी गाडी कडेला घेतली. पोलीस पोरगेलासा होता, मिशी नुकतीच धरलेली आणि एका बाजूला जास्त उतरलेली. तो खिडकीशी येऊन तोंड उघडतो तोच मी सगळं ओकून टाकलं. साहेब, डिकीत पिस्तूल आहे, सासूबाईंचं आहे, रिकामं आहे, कुलूपबंद आहे, गोळ्या वेगळ्या डब्यात आहेत, परवाना टेनेसीचा आहे आणि तो इथे चालत नाही हे मला मान्य आहे. त्याने एकदा गाडीच्या टपाकडे पाहिलं. मग म्हणाला, आजोबा, मी यातलं काहीच विचारलं नाही, तुमचा कॉफीचा पेला गाडीच्या टपावर आहे. आणि काढून माझ्या हातात दिला. एक थेंब सांडला नव्हता. मेरीलँडबद्दल आपण गावात काय काय बोलतो, ते यापुढे माझ्यासमोर बोलायचं नाही. मिशी दोन्हीकडे सारखी कशी ठेवायची ते मी त्याला सांगितलं आणि त्याने ऐकून घेतलं.

पेनसिल्व्हेनियात शिरल्याबरोबर जो पहिला थांबा लागतो तिथे हाच सोहळा उलटा चालतो. मी डिकी उघडली, किल्ली लावली. किल्ली फिरेना. चापट मारली, तीही फुकट. मग पेटी उलटी केली तेव्हा खाली पिवळ्या बसचं चित्र चिकटवलेलं दिसलं. त्याच दुकानातली, त्याच सेलमधली, तीच करडी पेटी. त्या बाईची माझ्याकडे आणि माझी त्या बाईकडे.

सासूबाई, मी खोटं सांगत नाही, मी फार घाबरलो. कायद्याची भीती होतीच, कारण परक्या बाईचं पिस्तूल घेऊन मी परक्या राज्यात उभा होतो आणि मला तिचा पत्ताही माहीत नव्हता. पण त्याहून मोठी भीती म्हणजे नेडीनची वस्तू गेली. तिच्या हातातली, तिच्या पर्समधली, तुम्ही दिलेली. तिचं बाकी सगळं हळूहळू वाटून टाकलं मी, कोट दिला, शिवणयंत्र दिलं, हे एवढंच ठेवलं होतं. मी बाकावर बसलो आणि रडलो. मग भूक लागली म्हणून तुम्ही ट्वायलासाठी दिलेला सुक्या सफरचंदांचा थरांचा केक उघडला. (त्याबद्दल ती तुम्हाला लिहीलच. मी आधीच माफी मागतो. रडत रडत खाल्ला तरी फार सुरेख लागला.)

बऱ्याच वेळाने ती हिरवी गाडी आली आणि थेट माझ्या बाकासमोर उभी राहिली. मार्व्हेलाबाई उतरल्या, हातात माझी पेटी. पेट्रोल भरायला थांबल्या तेव्हा बसचं चित्र नाही हे लक्षात आलं, तशा उलट्या फिरून नदीपलीकडे मला शोधायला गेल्या, मी तिथे दिसलो नाही तेव्हा पुन्हा ती पट्टी ओलांडून इकडे आल्या. परक्याची वस्तू घेऊन, वाटेत पोलीस असताना, केवळ माझी चीज मला पोचवायला. मी विचारलं, मी इथेच असेन हे कसं ओळखलंत? तर म्हणाल्या, ज्या माणसाला कुलूप लावता येत नाही तो दुसरीकडे जाणार कुठे?

त्यांनी आपली पेटी उघडली, बघितली, हायसं वाटून मान हलवली. मीही माझी उघडली, आतली पुडी सोडून बघितली आणि लगेच पेटी मिटली. पण त्यांनी तेवढ्यात पाहिलं होतं. त्या बाई अशा हसल्या की शेजारच्या ट्रकमधला कुत्रा भुंकायला लागला. हसता हसता बाकावर बसल्या, उरलेल्यातला केक खाल्ला, तो कोणी केला म्हणून विचारलं, आणि तुमच्या हाताला फार मोठं प्रशस्तिपत्र दिलं. मग मी त्यांच्या कपाळावरची झुलपं नीट कापून दिली. इथून जवळच राहणाऱ्या भावाच्या लग्नाच्या वाढदिवसाला चालल्या होत्या आणि भावजय केसांवरून टोमणे मारते म्हणे. झाडाखाली बाकावर बसवून, गळ्याभोवती केक बांधून दिलेला कपडा गुंडाळून कापले. काय ताठ बसते ही बाई, मान एवढीशी हलवत नाही. अशी मान मी आयुष्यात फक्त दोनच बायकांची पाहिली होती, एक तुमची आणि एक तुमच्या लेकीची.

सध्या एवढंच. गुडघ्याला जपा. रस्टीला कॉफी देऊ नका. ट्वायला आणि तिची मुलं तुम्हाला पापा पाठवतात.

तुमचा आज्ञाधारक,
होबार्ट

ता. क. तुम्ही एव्हाना विचारलं असेल की रस्त्यात माझ्याकडे कात्री कुठून आली. तुम्हाला फसवणं कधी कोणाला जमलं नाही, मला काय जमणार? तुमचे केस कापून झाल्यावर टेबलावर दोन पुड्या होत्या, दोन्ही नेडीनच्या जुन्या फ्लॅनेलच्या गाऊनच्या कापडात बांधलेल्या. एकीत पिस्तूल, दुसरीत माझी कात्री आणि हाताने चालवायचं जुनं मशीन, वजनाला तेवढंच. एक मी पेटीत ठेवली आणि एक नेहमीप्रमाणे तुमच्या टॉवेलांच्या खणात, पुढच्या महिन्यात केस कापायला लागेल म्हणून. म्हणजे चार राज्यांचे सगळे कायदे काटेकोर पाळून मी कात्री आणली. कृपया खणातून टॉवेल काढताना बेताने काढा. पिस्तूल रिकामंच आहे, गोळ्या माझ्याकडे आहेत. सुखरूप आहे असं वर लिहिलं ते शब्दशः खरं आहे.

ता. क. दुसरा. नेडीन गेल्यापासून तुमच्याशिवाय कुठल्याही बाईच्या केसांना मी कात्री लावली नव्हती. हात थरथरेल असं वाटलं होतं, पण थरथरला नाही. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं आणि तुमच्याशिवाय मला ते कोणाला सांगता येईना.

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. मार्व्हेला काल इथे जेवायला आली होती. तिचं म्हणणं, माझ्यासारख्याने पिस्तूल सांभाळू नये, कात्री सांभाळावी. मी म्हटलं, ते सासूबाईंचं आहे, त्यांनी लेकीला दिलं होतं, आता कोणाच्या हातात द्यायचं ते त्याच ठरवतील. तेव्हा सासूबाई, तुम्ही ते तिला द्याल का? घाई नाही, विचार करून कळवा. फक्त एक अडचण तिनेच काढली आहे. दुसऱ्या राज्यातल्या रहिवाशाला पिस्तूल असं हातोहात देता येत नाही, कायदा आडवा येतो. तिने सगळं वाचून ठेवलं आहे. ती म्हणते, यावर तिला एकच सरळ मार्ग दिसतो, तो म्हणजे तिने टेनेसीत राहायला येणं.