गंगीसाठी उत्तम घर

३ मार्च १९६३, रविवार. सकाळी ६.
मारुतीला तेल घालून आलो. आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही.

कारण लिहून ठेवतो. मागच्या पावसाळ्यात नदीकाठच्या गावांत पटकी आली, आणि आमच्या उमरखेडच्या बालमंडळात चौदा पोरकी मुलं जमा झाली. मंडळाची जागा भाड्याची. मालकाला ती कापूस ठेवायला हवी, १५ मे रोजी रिकामी करायची. तोवर ज्या मुलाला कोणी घरी सांभाळायला नेईल ते इथंच वाढेल. बाकीची नागपूरच्या मोठ्या आश्रमात. सेक्रेटरी घनश्यामबाबू म्हणाले, डाकबाबू, वीस वर्षं पत्रं वाटता, आता पोरं वाटा. हो म्हणालो. या भागातली दारं माझ्याइतकी कोणाला माहीत?

संकल्प : जात, धर्म, तांडा, मोहल्ला काही न पाहता प्रत्येक दारी जायचं. घर मात्र पारखून घ्यायचं. त्यासाठी मी आठ प्रश्नांचा फॉर्म तयार केला आहे. सातवा प्रश्न खास माझा : घरात एखादी खोली बंद आहे काय? असल्यास कारण. हवा खेळती पाहिजे.

नलूच्या मायने विचारलं, लिस्टात आपलं घर हाये का? मी सांगितलं, प्रचारकाने स्वतःचं नाव घालणं बरं दिसत नाही. ती चुलीकडे वळली. नलू आमची मुलगी. सात वर्षांची असताना गेली, त्याला सहा वर्षं झाली. बायकोला अजून नलूची मायच म्हणतो. दुसरं काय म्हणणार.

दुपारी १.
मधल्या खोलीत आवाज. सागरगोटे उडवून झेलावेत तसा. उंदीर. खोलीला कुलूप आहे, किल्ली माझ्या करदोट्याला. उंदरांचं औषध आणायचं.

१० मार्च, रविवार. होळी.
बळीरामकडे गेलो. सहा-सात वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगण आरशासारखं. मंडळातले दोघे भाऊ सोबत नेले होते. चाळीस मिनिटं बोललो. मूल म्हणजे पत्ता हरवलेलं पत्र, दार ज्याने उघडलं त्याचंच ते, वगैरे. मला स्वतःलाच भरून आलं. तेवढ्यात बळीरामच्या बायकोने दोघांना आंघोळ घालून जेवायला बसवलं होतं. बळीराम म्हणाला, "तुमचं चालू द्या डाकबाबू. पोट्टे जेवले की मी निवांत आयकतो."

फॉर्मवर अंगठ्यासाठी शाई पुढे केली तर म्हणाला, शाई ठेवा, मले सही येते. बराच वेळ घेऊन पूर्ण नाव लिहिलं.

भाषणाचा परिणाम चांगला होतो असं दिसतं.

२४ मार्च, रविवार.
बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलो. पहिल्याच दारात भाषण सुरू केलं, तर घरच्या बसंतीबाईने मधेच विचारलं, भाऊ, पोरगी कुठं हाये? मी म्हणालो, आधी विषय समजून घ्या. ती म्हणाली, विषय नको, पोरगी दाखव. मुलगी सायकलच्या कॅरिअरवर होती. तिने उचलली आणि आत नेली. फॉर्म माझ्या हातात तसाच. आठही उत्तरं मीच अंदाजाने भरली.

चौदापैकी नऊ झाले. भाषण थोडं आवरतं घेतलं पाहिजे. लोक लवकर तयार होतात.

दुपारी आवाज. औषध राहून गेलं.

३१ मार्च, रविवार.
मंडळात मुलांना मानीबाई सांभाळते. आज तिने थांबवलं. "साऱ्या पोट्ट्यांले नेता, गंगीले कुठीच काहून नाही नेत?"

गंगी सात वर्षांची. बोलत नाही फार. भिंतीशी बसून खडे वर उडवते आणि झेलते.

मी सांगितलं की गंगीचं घर मी खास पाहणार आहे. पोर हळवी दिसते, कोणाच्याही गळ्यात घालून चालणार नाही. मानीबाई म्हणाली, गळ्यात नोका घालू, दारात तं न्या.

परत येताना सायकल पंक्चर. जलालच्या दुकानात थांबलो. त्याची बायको सुग्राबी पडद्याआडून म्हणाली, "डाकबाबू, ते खडे खेळते ना, ते पोरगी मले द्या. मंडळावरून जाता जाता रोज पाह्यतो तिले." मी फॉर्म काढला. मुलं पाच, खाटा दोन. तिसऱ्या प्रश्नात, झोपायला स्वतंत्र जागा, साफ नापास. समजावून सांगितलं की यात जातधर्माचा संबंध नाही, नियम सगळ्यांना सारखा. सुग्राबी म्हणाली, "पाच झोपतात तं सहावीची टांग काय रस्त्यावर येईन?" जलाल हवा भरता भरता म्हणाला, "जाऊ दे. ट्यूबात मापानं भरावी लागते. डाकबाबूत आधीच लई हाये."

विनोदी माणूस. पण नियम म्हणजे नियम.

७ एप्रिल, रविवार.
गंगीसाठी तीन घरं पाहिली. शिंप्याकडे म्हातारी फार घोरते. दुकानदाराकडे विहिरीला कठडा नाही. शाळेच्या चपराशाकडे सगळं ठीक होतं. आठही प्रश्नांत पास. दोघं नवराबायको हसतमुख. विचार केला आणि पुढे ढकललं. फार हसणारी माणसं पुढे कशी निघतील सांगता येत नाही.

त्या चपराशाला मंडळातलं दुसरं मूल दिलं. बारा झाले.

नलूची माय म्हणाली, उत्तम घर म्हणजे कोणतं, ते तरी सांगा. मी म्हणालो, दिसलं की ओळखू येईल.

१४ एप्रिल, रविवार. दुपारी २.
ऊन असं की पाखरू नाही रस्त्यावर. आवाज स्पष्ट. एक वर, चार खाली. मग चार एकदम उचलल्याचा खरखराट. उंदीर इतके नेमाने कसे चालतात कोण जाणे.

असल्याच दुपारी नलू गेली. सकाळी अंग तापलं होतं. तिच्या मायने सांगितलं, डॉक्टरले घेऊन या, मग डाक वाटा. मी म्हणालो, झोळी रिकामी करून आलोच. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. शेवटचं एकच पत्र राहिलं होतं, दोन मैलांवरच्या वाडीचं. ते देऊन डॉक्टरला घेऊन आलो तोवर झालं होतं.

ते पत्र लग्नपत्रिका होती. लग्न चार दिवसांपूर्वीच होऊन गेलं होतं.

याचा या कामाशी संबंध नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं. देव पाहतो आहे.

२६ एप्रिल, शुक्रवार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.
आज पित्तर. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने त्याच्याच वयाचं कोणी जेवायला बसवतात. आंब्याचा रस, पुरणपोळी, कुरडई, नवी घागर. जेवताना त्याला गेलेल्याच्याच नावाने हाक मारायची. उठलं की फाटकापर्यंत पोचवायचं, मागे पाणी शिंपडायचं, आणि "ये" म्हणायचं नाही. गेलेल्याला परत ये म्हणत नाहीत.

नलू सातच वर्षांची राहते, त्यामुळे दरवर्षी नवी पोर लागते. गेल्या साली बसलेली महिनाभर तापाने आजारी होती, म्हणून यंदा आळीत कोणी मुलगी देईना. मला एकदम सुचलं : गंगी! वय बरोबर. रिकामीच आहे. मानीबाईने तोंड वाकडं केलं, पण तिच्या अंगणात मुलीला रस कोण देणार?

गंगी पाटावर नीट बसली. नलूची माय म्हणाली, नलू, जेव. गंगीने इकडेतिकडे पाहिलं. मी म्हणालो, तुलाच. मग ती जेवली. नलू, रस घे. नलू, अजून वाढू? प्रत्येक हाकेला मान हलवायची. हुशार पोर.

एक गोष्ट विधीला सोडून झाली. उठल्यावर नलूच्या मायने माझ्या करदोट्याची किल्ली मागितली. पाहुण्या मुलीसमोर वाद नको म्हणून दिली. तिने खोली उघडली, नलूचे पाच सागरगोटे आणले आणि गंगीच्या हातात दिले. पित्तराला त्याची आवडती वस्तू द्यावी, हे शास्त्राला धरून आहे म्हणा.

फाटकाशी गंगी थांबली. वळून माझ्याकडे पाहिलं. काहीतरी ऐकायला थांबतात तशी. मी विधी पाळला. काही बोललो नाही. पाणी शिंपडलं.

आखाजी उत्तम पार पडली.

२८ एप्रिल, रविवार. दुपारी २.
आवाज नाही. उंदीर गेले, औषधाशिवाय.

झोप आली नाही. ऊन फार.

५ मे, रविवार.
तेरा झाले. उरली गंगी.

नलूची माय आज चुलीपाशी बसून म्हणाली, "तिले आपल्या घरी आणा. मी तुमाले सहा वर्षांत काही मागतलं नाही." मी शांतपणे समजावलं. पित्तर म्हणून जेवलेली पोर मुलगी म्हणून कशी आणायची? शिवाय सातवा प्रश्न आहे. स्वतःच्या फॉर्मात स्वतः नापास होणं प्रचारकाला शोभत नाही.

ती म्हणाली, "लोकाइच्या घरात दोन दोन पोरं घालून आले. आपल्या घरात एक कुलूप घालून ठेवलं."

मी मारुतीच्या देवळात जाऊन बसलो. तिथंही तिचं तेच वाक्य ऐकू येत होतं.

१२ मे, रविवार. पहाटे ५.
रात्रभर विचार करून निर्णय घेतला. उत्तम घर शोधता शोधता नजर चुकली. उत्तम घर आपलंच! मुलं नाहीत म्हणून जागा भरपूर, विहिरीला कठडा, कोणी घोरत नाही. उठलो तेव्हा नलूच्या मायने खोली आधीच उघडून सारवली होती. नवी गोधडी अंथरली होती. तिला मी अजून काही सांगितलंही नव्हतं.

फॉर्म भरला. सातवा प्रश्न, बंद खोली आहे काय? नाही. आठपैकी आठ.

दुपारी १२.
आम्ही दोघं मंडळात गेलो. नलूची माय हिरवं लुगडं नेसली होती. तिला त्या लुगड्यात पाहून किती वर्षं झाली ते आठवेना. मी मानीबाईच्या हातात फॉर्म दिला. तिने तो न वाचता मुडपून ठेवला आणि गंगीला विचारलं, "गंगे, डाकबाबूच्या घरी जातं का राह्याले?"

गंगी सागरगोटे खेळत होती. एक वर, चार खाली. थांबली. म्हणाली, "त्या घरी तं मी मेलेली हावो."

मानीबाई म्हणाली, अवो पोरी, असं काय बोलतं. गंगी म्हणाली, "खरं हाये. मेलेली पोरगी मीच होती. जेवली, मंग मले पाणी मारून काढून देलं. ये नाही म्हटलं."

मी सांगणार होतो की तो विधी होता. शास्त्रात तसंच आहे. चाळीस मिनिटं बोलणारा माणूस मी. ठेवलेला फॉर्म उचलून त्याची घडी सरळ करत राहिलो.

नलूची माय खाली बसली, तिथंच, भिंतीला धरून.

सुग्राबी दारातच उभी होती. मानीबाईनेच तिला निरोप धाडला होता, हे मागाहून कळलं. सुग्राबी आत आली, गंगीपुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "चाल माय. माह्या घरी पाच जित्ते हायेत, दिवसभर भांडतात. तू सहावी. सकाळी तुह्या देवाले हात जोड, मी आड नाही येत." गंगीने गोटे ओच्यात घेतले आणि उठली. जाताना सुग्राबी नलूच्या मायच्या खांद्यावर हात ठेवून घटकाभर थांबली.

फॉर्म कोणी मागितला नाही.

१५ मे, बुधवार.
मंडळाची जागा रिकामी. चौदापैकी चौदा. नागपूरला एकही मूल गेलं नाही. घनश्यामबाबूंनी मला हार घातला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. बोललो. प्रत्येक घराने आपलं दार उघडावं, असं बोललो. बळीराम समोर बसला होता, दोन्ही पोरं मांडीवर. त्याने टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या असाव्यात. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

नलूची माय आली नव्हती.

संकल्प : गंगीची समजूत काढायची. लहान मुलं विसरतात. पंधरा दिवसांत येईल.

२५ मे, शनिवार. दुपारी ३.
जलालच्या नावाचं एक कार्ड होतं. ते सगळ्यात शेवटी ठेवलं. वाट वाकडी होती, तरी शेवटी ठेवलं.

अंगणात कडुलिंबाखाली सहाही पोरं. गंगीच्या केसांना तेल, हातात नव्या काचेच्या बांगड्या, आणि मोठ्यांदा भांडत होती. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. मग डाव सुरू झाला. एक वर, चार खाली. मग चार एकदम उचलल्याचा तो खरखराट. मी सायकल धरून उभा राहिलो. जलाल म्हणाला, "काय डाकबाबू, हवा कमी झाली?" मी म्हणालो, झाली थोडी.

जवळ जाऊन म्हणालो, गंगे, आमच्या घरी ये.

आखाजीला म्हणायचं राहिलं होतं ते म्हणालो. दोनदा म्हणालो.

तिने गोटे मुठीत धरले. रागाने नाही, खरंच विचारावं तसं विचारलं, "येईन. कोण म्हणून येऊ?"

कार्ड दिलं आणि निघालो.

घरी आलो. नलूची माय मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली आहे. दार सताड उघडं, गोधडी तशीच अंथरलेली. तिला काय हाक मारावी कळेना, म्हणून शेजारी बसलो. दोघंही कान देऊन बसलो होतो. आत काहीच नाही.

सहा वर्षं मी उंदीर म्हणत आलो. उंदीर नव्हते.