कायद्याने सुटलेली सिगारेट

३ मार्च
परक्या देशातल्या ऑफिसचा पहिला दिवस. एचआरच्या बाईंनी आम्हा नवीन लोकांना इथले नियम सांगितले. रस्त्यात दारू नाही. गांजाबिंजा सापडला तर थेट परतीचं विमान. सिगारेट घरात नाही, जिन्यात नाही, बसस्टॉपवर नाही. शेवटी या नियमांवर टेस्ट. मी पहिला! दारू-गांजाशी आपला संबंध नाही. सिगारेट इथे आपोआपच सुटणार. बायकोला तसं कळवलं. म्हणाली, सुटली की सांग, मग तिकीट काढते. बाळाची छाती आधीच भरते, त्याला धुरात आणणार नाही. रास्त आहे.

५ मार्च
ऑफिसमागे काचेची खोली आहे. स्मोकिंग फक्त तिथे. एक ओढली. परवानगी असलेल्या जागी ओढली तर त्याला व्यसन म्हणत नाहीत, शिस्त म्हणतात.

९ मार्च
रविवार. तरी ऑफिसला जाऊन आलो. वॉचमनने विचारलं, काम आहे का? आगाऊ माणूस.

१२ मार्च
बायकोला सांगितलं, सुटली. खोटं कुठे? घरात सुटलीच आहे. तिने लगेच तिकीट काढलं. फोनवर रडली बिचारी. मला काहीच वाटलं नाही. दमलो असेन.

१६ मार्च, दुपार
आज वॉचमनही नाही, ऑफिसला कुलूप. बाहेर बोचरं वारं. म्हणून एकच, शेवटची, बाथरूममध्ये. आधी स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातली. डोकं लागतं. बायको व्हिडिओ कॉलवर होती. फोन टेबलावर ठेवून म्हटलं, तोंड धुऊन आलोच.

संध्याकाळी
कॅप फाटकी निघाली. अख्खी बिल्डिंग रस्त्यावर. वरच्या आजोबांना खुर्चीसकट उतरवलं. घरमालकाला म्हटलं, गिझरची वाफ असेल. तो माझ्या हातातल्या थोटकाकडे बघत होता. महिनाअखेरीला खोली खाली कर म्हणाला. वर आलो तर फोन चालूच. बायकोने माझ्या हातातलं थोटूक बघितलं. कट केला.

१९ मार्च
बरंच झालं. तळमजल्यावरची खोली बघितली, मागे अंगण आहे. अंगणाबद्दल नियमांत चकार शब्द नाही. बाळालाही खेळायला होईल. बायको फोन उचलत नाही. रेंज नसेल.

२३ मार्च
बायकोचा फोन आला. तिकीट रद्द केलंय. आवाज चढवला नाही. मीही नाही. जेवलास का, विचारलं. जेवलो म्हटलं. मग म्हणाली, बाळ काल पहिल्यांदा ‘बाबा’ म्हणालं. म्हटलं, अरे वा, माझा फोटो बघून?
नाही, म्हणाली. माझ्या भावाला.