बाबूच्या पोटावरचे डाग

माय,

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पंच्याऐंशीच्या थंडीत मी सौसरहून पांढुर्ण्याला तुझ्याकडे आले आणि आठवा लागतो न लागतो तोच बाबू झाला. एवढासा. रडायचाही दम नव्हता. ओढून पिता येईना, म्हणून तू माझं दूध वाटीत काढून कापसाच्या बोळ्याने त्याच्या ओठांवर पिळायचीस. तेव्हा तुझ्याइतका भरवसा मला कोणाचाच नव्हता. आज हे लिहितानाही संताप होतो.

मग त्याचा श्वास लागला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडायचा. डॉक्टरांनी सुई दिली आणि दुपारच्या पॅसेंजरने नागपूरला न्या म्हणाले. शेजारच्या काकू त्याची धाप पाहून दारातूनच बोलल्या, "डब्बा झाला पोराले. डाग देल्याबिगर नाही सुटत." मी तुझ्याकडे पाहिलं. माझ्याही पोटावर तापल्या विळ्याचे तसे डाग आहेत. आजीने ते दिले तेव्हा तुला किती दिवस अन्न गोड लागलं नाही, हे तूच मला रडत सांगायचीस. म्हणून बाबूला डाग द्यायचे नाहीत अशी तुला शपथ घातली. तू म्हणालीस, "मी काय तुही वैरीण आहो काय? जाय, आंघोय करून घे. गाडीले टाइम आहे. मी पाहून राहिली ना."

मी अंगावर पाणी घेतलं आणि तो किंचाळला. ओलेत्याने धावत आले. विळा चुलीजवळ पडलेला, बाबूच्या पोटावर लाल रेघा. "बरा होते आता," म्हणालीस, पण माझ्याकडे पाहिलं नाहीस.

नागपूरला त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. निमोनिया उतरला, तरी जखमा पिकल्या. तो जगला, आणि तू मोहल्लाभर सांगितलंस की डागाने वाचला. माय, तू मला फसवलंस. सासूने केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

पुढे तोच बाबू तुझ्या मागेमागे फिरायचा, तुझ्याच ताटात जेवायचा. शाळेत पोरं चिडवायला लागली तेव्हा त्याने विचारलं, हे कोणी केलं? तू तिथेच बसून त्याच्यासाठी संत्रं सोलत होतीस. तुझे हात थांबलेले मी पाहिले आणि म्हणाले, "मी." वाटलं, आता तरी बोलशील. तू फोड त्याच्या हातात दिलीस.

आता त्याला मुलगी झालीय, तीही दिवस भरायच्या आधीच. सून मला मान देते, पण बाळ एकटं माझ्याजवळ ठेवत नाही. काल बाबू हळूच म्हणाला, "आई, राग नको मानू. तिले भेव लागून राहिला." मी म्हटलं, बरोबर आहे तिचं.

तू जाऊन इतकी वर्षं झाली. खरं सांगितलं तर तुझं आता काय बिघडणार आहे? पण रोज सकाळी तो तुझ्या फोटोला हात जोडतो आणि माझं तोंड उघडत नाही. हा कागदही त्याच्या हाती लागू नये म्हणून फाडणार आहे. नातीला मी अजून एकदाही उचलून घेतलेलं नाही.