विश्रांतीचे दोन आठवडे

आई, एका वैशाखात आपण दोघी माळवदावर पापड वाळत घालत होतो. तुझे दोन्ही गाल लालभडक झालेले. मी हसून म्हणाले, "आई, रूज लावलंस का?" तू म्हणालीस, "शाणी हायेस. चिमण्या हाकल आधी."

तो ल्युपस होता, हे वर्षभरानं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. शरीर आपल्याच सांध्यांवर, कातडीवर उलटतं असा आजार. कळंबच्या आपल्या गल्लीत कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकलेली मी एकटीच. तारा, नोटिसा, दवाखान्याचे कागद माझ्याकडं यायचे आणि मी सांगेन ते खरं. तुझा कागद वाचून मी सांगितलं, "आईनं उठायचं नाही. विश्रांती." मग तुझा स्वयंपाक सुटला, शेजारी बसायला जाणंही सुटलं. सहा वर्षं, जाईपर्यंत, तू अंथरुणावर होतीस.

आता तेच दुखणं मला आहे. माझ्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं, रोज चाला. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगानं. ऊन टाळून, ताप असेल तेव्हा थांबून. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत मी खाली बसले. आता दिवस मावळल्यावर कॉलेजच्या मैदानाला अर्धा तास फेऱ्या घालते. आजार गेलेला नाही, गोळ्याही सुटल्या नाहीत. पण दुपारी हात उचलवत नसे इतका थकवा यायचा, तो कमी झालाय. झोप लागते. संध्याकाळची वाट बघावीशी वाटते.

गेल्या महिन्यात मला ताप आला म्हणून धाकटी राहायला आली. ताप उतरला, डॉक्टरीणबाई चाला म्हणाल्या, तरी ती दार अडवून उभी.

"अक्का, गुमान पड. आईला कसं जपलं व्हतं आपण? भुईला पाय लागू दिला न्हाय."

"तेच चुकलं."

"काय चुकलं? कागद तर तूच वाचलास."

मी पेटीतून तो कागद काढून तिला दिला. आता तिलाही इंग्रजी वाचता येतं. दोन आठवडे विश्रांती, ताप उतरल्यावर हळूहळू हालचाल, असं त्यावर लिहिलेलं आहे.

"तवा तुला कळलं न्हवतं का?"

"कळलं होतं. पण आई उठली-बसली की मरेल, अशी भीती वाटायची मला."

तिनं कागदाची घडी घालून तो पेटीत ठेवला. मग पायांत चपला सरकवत म्हणाली, "चल. मीबी येते. पर सावकाश."

माझ्यामागं तो कागद धाकटीकडं राहावा. माझे चालायचे बूट दवाखान्यात भेटणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंना द्यावेत. त्या अजून रबरी चपलेवर चालतात, आणि पायाचं माप एकच आहे. छत्रीही त्यांनाच. हे पत्र मात्र कुणालाही देऊ नये. धाकटीला न सांगितलेलं एवढं एकच यात आहे: एकदा तू मला विचारलं होतंस, "दारापतुर जाऊन येऊ का गं?" मी नाही म्हणाले, आणि तू माझं ऐकलंस.