मी हजर आहे

३ सप्टेंबर, मंगळवार

ह्यांनी आज लॅपटॉप भिंतीवरच मारला असता! वायर आखूड म्हणून वाचला.

शाळेचं पत्र आलंय. सगळ्या शिक्षकांनी डिजिटल फळ्याचा कोर्स करायचा, ऑनलाइन, घरी बसून. आठ धडे, प्रत्येक धड्याखाली दहा प्रश्न, आणि शेवटी स्वतःचा एक पाठ रेकॉर्ड करून चढवायचा. मुदत महिनाअखेर. जो नापास होईल त्याने वर्ग सोडायचा आणि शाळेच्या भांडारात बसायचं — खडू, नकाशे, कोऱ्या वह्या मोजत. एकतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस! चिडतील नाही तर काय.

मी म्हटलं, "अहो, मी बघू का जरा?"

"तू? मॅट्रिक?" — आणि खो खो हसले. राग गेला तेवढ्याने. चला, काहीतरी उपयोग झाला माझा.

४ सप्टेंबर, बुधवार

ह्या कोर्समध्ये दर दहा मिनिटांनी पडद्यावर एक चौकट येते. "आपण आहात ना?" खाली बटण — "मी हजर आहे". मिनिटभरात दाबलं नाही तर धडा पहिल्यापासून! शाळेतून दमून आलेले, खुर्चीत डुलकी लागली, तीनदा धडा पहिल्यापासून सुरू झाला. मग मला हाक.

"इथे बस. चौकट आली की दाब. बाकी कशाला बोट लावायचं नाही."

हे सोफ्यावर आडवे. मी सहा वेळा दाबलं. हजर कोण, हजर म्हणणार कोण! बोटाने बोललं म्हणून खोटं थोडंच खरं होतं. संध्याकाळी देवापुढे एक माळ जास्त ओढली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

नुसतं बटण दाबायला बसायचं तर कान कुठे ठेवू? ऐकते. कोर्समध्ये एका बाईंचा आवाज आहे, गोड, सावकाश. प्रत्येक कृतीनंतर म्हणतात, "चुकलं तरी हरकत नाही. पुन्हा करून पाहा."

हे वाक्य ह्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच होती. त्यावर पेन्सिलीने उतरवून घेतेय — चित्र फळ्यावर कसं ओढायचं, पडदा कसा सरकवायचा, रेकॉर्ड केलेल्यातला नको तो तुकडा कसा कापायचा. कात्री सुद्धा दिलीय त्यात! इवलीशी. तिच्यावर टिचकी मारायची.

९ सप्टेंबर, सोमवार

पहिल्या धड्याचे प्रश्न. ह्यांचे दहापैकी तीन बरोबर. म्हणे यंत्रात बिघाड आहे. दुसऱ्यांदा बसले तेव्हा मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "चौथ्याचं उत्तर ब."

"गप्प बस."

ब केलं. बरोबर आलं. "योगायोग!" मग सातवं. मग नववं. शेवटी सगळी दहा मीच सांगितली, हे फक्त टिचक्या मारत होते. लेकीचा फोन आला तेव्हा छाती फुगवून — "दहापैकी दहा! तुझा बाप अजून म्हातारा झाला नाही!"

"आणि आई काय करतेय?"

"आहे इथेच. बटण दाबते."

११ सप्टेंबर, बुधवार

शाळेतले ड्रॉइंग मास्तर आले होते. त्यांचा चौथा धडा अडलाय. हे कपडे बदलायला आत गेले तेवढ्यात मी दोन मिनिटांत करून दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून बघतच राहिले.

"वहिनी, कोर्स नक्की कोण करतंय?"

मी म्हटलं, "हळू बोला हो!"

मग तेच म्हणाले — नव्या डिजिटल खोलीसाठी शाळेला एक सहायक हवी आहे. शिक्षकांना फळा लावून द्यायचा, रेकॉर्डिंग करायचं, कापाकापी करायची. शिक्षणाची अट काय, तर मॅट्रिक! आणि शाळेतल्या एका शिक्षकाची शिफारस. "फॉर्म आणून देतो. मुख्याध्यापिका बाई माणूस हेरण्यात पक्क्या आहेत. तुम्हाला पाच मिनिटं बघितलं की झालं."

आत गेले, ओट्याशी उभी राहिले, आणि उगीचच स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. मॅट्रिक! माझ्याच मापाचं कापून ठेवल्यासारखं.

१४ सप्टेंबर, शनिवार

फॉर्म भरला. आधी कच्चा, मग पक्का. एकही खाडाखोड नाही. जेवण झाल्यावर ह्यांच्यापुढे ठेवला.

वाचला. परत वाचला. "तू शाळेत येणार? माझ्या शाळेत? आणि लोक म्हणणार, मास्तरांची बायको तारा जोडते?"

मी ताट उचललं.

ताट घासून होईपर्यंत ह्यांना आठवलं असावं, की अजून चार धडे शिल्लक आहेत. आतून आवाज आला, "बरं, बरं. माझा कोर्स पार पडू दे. मग सही करतो. झालं समाधान?"

झालं. एवढ्याने सुद्धा झालं. देवा, किती स्वस्त केलंस रे मला.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सातवा धडा. पाठाला गुण कसे देतात त्याचा तक्ता. शेवटची ओळ मी दोनदा अधोरेखित केली: "विद्यार्थ्याला अपमानास्पद बोलणे किंवा त्याच्यावर हात उगारणे — पाठ बाद, शून्य गुण." गोड बाईंचा आवाज ह्या ओळीला मात्र गोड नव्हता.

ह्यांना वाचून दाखवली. म्हणाले, "असल्यांनीच पोरं बिघडवली."

१९ सप्टेंबर, गुरुवार

शेवटच्या पाठाचा विषय — अपूर्णांक. चित्रं सगळी मीच काढली. एक गोल, त्याचे तीन भाग. एक गोल, त्याचे चार भाग. बोट लावलं की भाग सुटा होतो, शेजारच्या गोलावर ठेवून बघता येतो. चार दुपारी गेल्या. सुंदर झालंय! आपल्या हातचं सुंदर म्हणू नये, पण झालंय.

विद्यार्थी कोण? शाळेतलं मूल घ्यायचं तर आईबापांची लेखी परवानगी लागते, तेवढा वेळ नाही. "तूच बस," म्हणाले. "आणि हे बघ, तू चुकायचं. कच्चा विद्यार्थी असला तरच शिकवणं दिसतं. तीनदा चूक, मग बरोबर सांग."

तीस वर्षं घरातला तेलाचा थेंब न् थेंब पाव, अर्धा, पाऊण करतेय मी. आणि मी चुकायचं!

चुकेन. सही हवी आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज रेकॉर्डिंग झालं. लिहू की नको ते कळत नाही. लिहिते.

चेहऱ्यावर पावडर, नवा शर्ट. मी समोर स्टुलावर. कॅमेरा मीच लावलेला, दोघंही दिसतील असा.

"सांग, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?"

"एक चतुर्थांश. कारण तिनापेक्षा चार मोठे."

हे कॅमेऱ्याकडे बघून गालात हसले. मी दुसऱ्यांदा चुकले. तिसऱ्यांदा चुकले. चार मिनिटं तशी गेली, ठरल्याप्रमाणे. मग भाग सुटा करून शेजारच्या गोलावर ठेवायचा होता. बोट लावलं — सुटेना! बोट लांब दाबून धरायचं असतं, शंभरदा सांगितलंय. हे नुसते टोचत होते. तोंड लाल. मी हळूच म्हटलं, "दाबून धरा." बस्स.

"तू मला शिकवणार? तू? अक्कल शून्य, जन्मभर चुलीपुढे बसलेली! तीस वर्षं दगडाला शिकवलं असतं तर तो बोलला असता. तुझ्या बापाने गळ्यात बांधलीस, ती ही!" आणि हातातलं फळ्याचं पेन माझ्या बोटांवर. एकदा. मग परत एकदा. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं सुजलंय.

मग पाणी प्यायले, भांग सारखा केला, बोट दाबून धरलं, भाग सुटला, पाठ पुरा केला. गोड गोड बोलत! मी बरोबर उत्तर दिलं. मला "शाबास" सुद्धा म्हणाले.

उठताना — "मधलं तेवढं काप. येतं ना तुला? आणि पाठवून दे. मला नाही ते बघवत आता."

२४ सप्टेंबर, मंगळवार

हे शाळेत. मी लॅपटॉप उघडून बसले. नऊ मिनिटांचं रेकॉर्डिंग. पाच ते साडेसात, एवढंच कापायचं. कात्रीवर टिचकी मारली. पुन्हा मिटवली.

त्यांच्यासाठी हजर म्हटलं ते खोटं. उत्तरं दिली ती खोटी. तीनदा चुकले ते खोटं. आणि ह्या सगळ्यात अडीच मिनिटं एक खरी गोष्ट घडली, तेवढीच नेमकी मी कापायची?

सातव्या धड्याची ओळ समोरच होती. पाठ बाद, शून्य गुण. बसू देत भांडारात खडू मोजत. माझा फॉर्मही बुडेल. बुडू दे! नापास माणसाची शिफारस घेऊन मी तरी कुठल्या तोंडाने जाऊ.

देवाला म्हटलं, मी लावालावी करत नाही. जे झालं ते झालं तसं पाठवतेय. तू बघ.

न कापता पाठवलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

बोटाची सूज उतरली. "पाठवलंस ना?" "पाठवलं." एवढंच बोलणं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

निकाल अजून यायचाय. हे शर्टाला इस्त्री करताना शीळ घालतात, मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. एकतीस वर्षांचा मास्तर. वर्गातली पोरं दाराशी येऊन "सर" म्हणणार, आणि हे आत खडूच्या पेट्यांत. मी काय केलं हे? आणि केलं ते बरंच केलं, असंही वाटतं. दोन्ही एकाच छातीत. माळ ओढायला घेतली, मणी कुठवर आला तेच कळेना.

३ ऑक्टोबर, गुरुवार

पास! शंभरात एक्क्याण्णव!!

हे घरभर नाचायचे बाकी होते. परीक्षकांचा शेरा मोठ्याने दोनदा वाचला — "अतिशय मंद आकलनाच्या विद्यार्थिनीपुढेही शिक्षकाचा संयम वाखाणण्याजोगा. चित्रं उत्कृष्ट."

संयम! माझ्या कानांवर विश्वास बसेना. हे आंघोळीला गेले तेव्हा पान उघडून पाहिलं. खाली बारीक अक्षरात असतं सगळं. पाठाची लांबी — नऊ मिनिटं. परीक्षकांनी पाहिलेला भाग — चार मिनिटं दहा सेकंद.

परीक्षकांना बटण दाबावं लागत नाही वाटतं.

स्वतःशीच हसले मी. मग देवापुढे जाऊन नाक घासलं. त्याच्या मनात नव्हतं ते, माझंच पाप होतं. आणि खरंच तसं असावं, कारण हे आंघोळ करून आले आणि आपण होऊन म्हणाले, "आण तुझा तो फॉर्म!" माझ्यासमोर पेन उघडलं. शिफारस बंद पाकिटातून द्यायची असते म्हणून मला बघू दिली नाही, पण लिहिलं, सही केली, पाकीट चिकटवलं. चिकटवताना गालात हसत होते. उद्या स्वतः नेऊन देणार!

माणूस वाईट नाही. यंत्रावर चिडले होते त्या दिवशी.

५ ऑक्टोबर, शनिवार

शाळेत ह्यांचा पाठ सगळ्या शिक्षकांना दाखवला. मोठ्या पडद्यावर. वेळ नव्हता म्हणून सुरुवातीचाच.

"लोक काय हसले! तुझं ते 'तिनापेक्षा चार मोठे' — मुख्याध्यापिका बाई तर डोळे पुसत होत्या."

मी पोळपाट तसाच धरून विचारलं, "तुम्ही सांगितलंत ना, मी मुद्दाम चुकत होते म्हणून?"

"त्यात सांगायचं काय? पाठाची मजा जाते."

असू दे. पाकिटात लिहिलंच असेल त्यांनी, शिकवलेलं सगळं येतं म्हणून. बाई वाचतीलच.

१० ऑक्टोबर, गुरुवार

फॉर्म परत आला. ड्रॉइंग मास्तरांच्या हाती. आत बोलावलं तरी आले नाहीत, चपलाही काढल्या नाहीत. "वहिनी, सगळे हसले तेव्हा मी बोलायला हवं होतं," म्हणाले आणि जिना उतरले.

वरती बाईंची लाल शाई — अपात्र. मागे ह्यांची शिफारस टाचलेली. सही सुरेख, तारीख तीन. आणि चार ओळींच्या कोऱ्या जागेत दोनच शब्द:

"पाठ पाहावा."