नखावरचं काजळ

ता. ८ मार्च १९३७
नथ गेली! माझी माहेरची, वाशीमहून आणलेली. काल भिंतीतल्या देवळीत, डबीत पाहिली होती, आज नाही. अख्खं घर पालथं घातलं. सासूबाई म्हणाल्या, "घरात बाहेरचं माणूस एकच येतं." म्हणजे जिवनबाई. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, आमच्याकडे शेण-दळण करते. मी म्हटलं, छे! माझी लेक गोजर झाली तेव्हा मी तापानं फणफणले होते, दुधाचा थेंब नव्हता मला. जिवनबाईनंच पोरीला पाजलं, आपल्या लेकराबराबर. पुढंही पोर तिच्याच कडेवर वाढली. ती काहून नेईल?

पण मन मोठं हरामखोर. दिवसभर तिच्या हातांकडेच पाहत बसले. लिहितानाही लाज वाटून राहिली.

ता. ९ मार्च
सासूबाईंनी ठरवलं — येत्या अवसेला सटवाजीला बोलवायचं अन् काजळ पाहायचं. सटवाजी गावातला जाणता. गोजर पायाळू, पायाकडून जन्मलेली. अशा लेकराच्या अंगठ्याच्या नखाला काजळ लावलं की त्यात चोर दिसतो म्हणतात. मी चार बुकं शिकलेली. नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मलाही पाहायचंच होतं!

ता. १२ मार्च, अमावस्या
सटवाजीनं पोरीला पाटावर बसवलं. सहा वर्षांचं लेकरू, नखाकडं डोळे ताणून पाहून राहिलं.

"काय दिसतं?"

"कायबी न्हाई."

पुन्हा विचारलं. पुन्हा "न्हाई." पोर रडकुंडीला आली. सासूबाई चुळबुळ करायला लागल्या. अन् मग मी — मीच! — म्हणाले, "नीट पाह्य बाळा. बाई हाय न? लुगडं नेसली का घागरा?"

पोरीनं नखाकडं पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडं पाहिलं. "घागरा," म्हणाली.

घागरा घालणारी आमच्या घरात एकच येते. जिवनबाईला अंगणातूनच हाकललं. "लेकराला काय विचारता, बाई? मला विचारा न!" ती बाहेरून ओरडत होती. मी आत चुलीपुढं बसून राहिले. तव्यावरची भाकर करपली.

ता. १५ मार्च
सासूबाईंनी पोरीला गूळ-खोबरं दिलं. गल्लीभर कौतुक.

ता. २१ मार्च
गोजर आता नखाचं बोलतच नाही. आज शेजारणीला सांगत होती — "मी जागीच होते. जिवनबाई आली, देवळीत हात घातला, बांगड्या वाजल्या खळखळ. मला म्हणाली, गप ऱ्हाय."

कसली जागी अन् कसल्या बांगड्या! नथ गेली ते दोन्ही दिवस, रात्रीसुद्धा, पोर यांच्यासंगं शेतावर होती, हरभरा काढायला गेले तिथं. मी म्हटलं, "गोजर, तू तर शेतात होतीस." तर रडून आकांत मांडला. खोटं बोलून राहिली असती तर कान उपटला असता. पण ती खोटं बोलत नाही! तिला तसंच आठवतं! रोज कुणी ना कुणी विचारतं, रोज ती थोडं वाढवून सांगते, अन् दुसऱ्या दिवशी ते वाढलेलंही तिला आठवतं. लहान डोकं म्हणजे ओली माती. बोट लावाल तसा ठसा. अन् पहिलं बोट माझं.

ता. ३० मार्च
सापडली! उडदाच्या मडक्यात, तळाशी, चिंधीत बांधलेली. गाठ माझ्याच हातची. मागल्या महिन्यात पाव्हणे आले होते, तेव्हा मीच लपवली असणार. मला काहीच आठवत नाही. अन् "काल तर देवळीत पाहिली" असं छातीठोक सांगत होते!

सासूबाई म्हणाल्या, "सापडली म्हणून गावभर बोंबलू नको. तोंड कुणाचं काळं होईल?" हेही गप्प बसले. मीही गप्प. थू माझ्यावर.

ता. ४ एप्रिल
एकटीच तांड्यावर गेले. जिवनबाईच्या पायाला हात लावला. तिनं पाय मागं घेतले. "मला काय सांगता? गावात सांगा. कुणी दारात उभं करेना मला." सांगते म्हणाले. हट्टानं तिला घरी घेऊन आले.

गोजर दारातच होती. पाहिलं अन् किंकाळी फोडली — "चोरटी आली!" माझ्या पदरात शिरली. मी नथ काढून दाखवली. "तिनंच आणून ठिवली," म्हणे.

जिवनबाई उंबऱ्याबाहेर मटकन खाली बसली. "माझ्या अंगावर पिली हाय ही, बाई," एवढंच म्हणाली. मग ओढणीनं तोंड झाकून रडली. मला तिच्याजवळ जाऊन बसता आलं नाही. गल्लीतल्या बाया पाहून राहिल्या होत्या.

ता. १९ एप्रिल
गावात अजून सांगितलं नाही. रोज उद्या म्हणते.

ता. २ मे
जिवनबाईचं बिऱ्हाड तांडा सोडून गेलं. सेनगावाकडं, म्हणतात. आता सांगून कुणाला उपयोग — असं मनात आलं, अन् सुटल्यासारखं वाटलं. किती नीच बाई आहे मी!

ता. १४ नोव्हेंबर १९४७
दहा वर्षांनी ही वही उघडली. गोजर दिवाळीला माहेरी आली आहे. सोळा सरली तिची. सकाळी म्हणाली, "आमच्याकडं तांड्यावरची बाई कामाला ठिवायची म्हणत होते. मी न्हाई म्हटलं. मला म्हाईत हाय न."

मग मात्र राहवलं नाही. सगळं सांगितलं. मी विचारलेला घागरा, उडदाचं मडकं, सगळं. ती हसलीच! "काय व आई! मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. बांगड्या वाजलेल्या अजून ऐकू येतात."

मी म्हटलं, "तिनं तुला पाजलं, पाच वर्षं कडेवर घेऊन फिरली."

"ते कायबी आठवत न्हाई बा. तिचं तोंडबी न्हाई. चोरी तेवढी आठवते."

पाच वर्षांचं खरं होतं ते पार पुसून गेलं. घडलंच नाही ते जसंच्या तसं. मी उठून परसात गेले.

ता. १५ नोव्हेंबर
सीताफळ खाता खाता गोजर म्हणाली, "लहानपणचं आणखी एक आठवतं, आई. कुणीतरी मांडीवर घ्यायचं, एकेक बी काढायचं अन् गर माझ्या तोंडात घालायचं. लई बरं वाटायचं! तूच न ती?"

मी कधीच बी काढली नव्हती. तांड्यावरून सीताफळं घेऊन कोण यायचं, ते मला ठाऊक आहे.

"व्हय," म्हणाले. "मीच."