पंचाहत्तरांतली एक

काल्हेर,
१२ जानेवारी २०२३

चि. रूपा हिस,
सावळारामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भूपेश हसतो की मोबाईल असताना बापलेकी पोस्टात कशाला जातात. पण चाळीस वर्षं लूम दुरुस्त करत कारखान्यात जॉबरकी करून माझे कान गेले, फोन माझ्या काय कामाचा. मोबाईलवरची अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. घरात सगळे माझ्याशी वहीत लिहून बोलतात. तुझं पत्र मात्र मी दोनदा वाचतो, तिसऱ्यांदा तुझ्या आईला वाचून दाखवतो.

एक विचारायचं आहे. खाडीकडची जमीन गोडाऊनवाल्यांना गेली, त्या पैशातून तुझ्या भावानं स्पोर्ट्स कार घ्यायची ठरवली आहे. दोन दारांची, जमिनीला टेकलेली. मी अडवलं नाही, त्याच्याबरोबरच्या सगळ्यांनी काही ना काही घेतलंय. पण आता तो म्हणतो, साधी नको, स्पेशल एडिशन हवी. आख्ख्या देशात पंचाहत्तरच येणार, प्रत्येकीवर तिचा नंबर कोरलेला. किंमत साधीच्या जवळजवळ दीडपट. वरचा फरक भरायला घरामागचा विहिरीकडचा तुकडा विकायचा म्हणतो. चार गुंठे. आई तिथं भेंडी, वांगी, मुळा लावते आणि नाक्यावर विकते, हे तुला सांगायला नको. त्या कागदावर तुझीही सही लागते.

तुझ्या आईला विचारलं, तर म्हणाली (भूपेशनं वहीत उतरवून दिलं), “त्या गारीत माझी भाजीची पाटी बसंल काय?” आणि उठून गेली.

तू गाड्यांच्या कारखान्यात आहेस. मला खरं सांग, त्या जास्तीच्या पैशात खरोखर काही आहे, की नुसता रंग? तू लिहिशील ते मी त्याला समजावीन.

जेवण वेळेवर घेत जा. म्हातारा म्हणून माझी थट्टा करतेस ती चालू ठेव, तेवढी तरी करमणूक होते.

तुझा,
बाबा

*

चाकण,
२० जानेवारी २०२३

ती. बाबांस,
रूपाचा शि. सा. नमस्कार.

प्रश्न असा विचारलात की सुट्टीच्या दिवशीही मला ड्युटीवर बसवलंत. मी ब्रेकच्या चाचणीत काम करते, आमच्याकडे असल्या गाड्या बनत नाहीत. तरी जे कळतं ते लिहिते.

इंजिन तेच असतं. कॉम्प्युटरमधली मांडणी बदलून ताकद थोडी वाढवतात. छत हलकं, काचा पातळ. मागची सीट काढलेली असते आणि इंजिनचा आवाज अडवणारा जाड थरही काढलेला असतो, वजन कमी व्हावं म्हणून. म्हणजे जे काढून टाकलं त्याचेही पैसे आपणच द्यायचे. नंबर कोरलेली पट्टी बनवायला काय लागतं, ते तुमच्या कारखान्यातला फिटरही सांगेल.

पण तुम्ही खरं सांग म्हणालात, म्हणून हेही लिहिते. ब्रेक खरोखर वेगळे असतात, स्प्रिंग वेगळ्या असतात, आणि ते काम फार चांगलं असतं. मला स्वतःला ते याहून स्वस्तात करता येणार नाही. रेसच्या ट्रॅकवर नेणाऱ्याला एका फेरीत दोन-तीन सेकंद वाचतात. तेवढ्यासाठी पैसे मोजणारी माणसं मूर्ख नसतात. पण भूपेश ती नेणार कुठं? काल्हेरहून अंजूरफाट्यापर्यंत कंटेनरच्या मागं मागं?

साधी गाडी घ्यायची तर त्यानं घ्यावी, त्याची हौस आहे. वरच्या फरकासाठी आईचा तुकडा जात असेल तर मी सही करणार नाही. हे पत्र त्याला दाखवू नका, तुमच्या शब्दांत सांगा. माझ्या शब्दांनी तो दुखावेल.

आईचे गुडघे कसे आहेत? वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर नेते म्हणाले होते, ते विसरलेले नाही. तोवर तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
रूपा

*

काल्हेर,
२ फेब्रुवारी २०२३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांनी तुझं पत्र सरळ माझ्या हातात दिलं. स्वतः सांगायला त्यांना जमलं नाही, त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून मीही कागद घेतला. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच एवढं लिहितोय, चुका काढू नकोस.

ब्रेक, स्प्रिंग, काचा, सगळं बरोबर लिहिलंस. आता जे तुझ्या मशीनवर मोजता येत नाही ते ऐक. मुंबईच्या शोरूममध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा दारावरच्या माणसानं विचारलं, कुठल्या साहेबांची गाडी न्यायला आलास. पँटीला गोडाऊनची धूळ होती. साधी गाडी बघितली तेव्हा एक मुलगी कागद देऊन निघून गेली. मग मी स्पेशल एडिशनचं विचारलं. मॅनेजर उठून उभा राहिला, मला साहेब म्हणाला. साधीत आणि स्पेशलमध्ये एवढा फरक आहे. तो मला विकत घ्यायचा आहे.

आणि तुला एक विचारतो. कॉलेज भिवंडीतही होतं. तू पुण्याचं निवडलंस, मोजक्या जागांचं, महागडं. बाबांनी त्यासाठी डबल शिफ्ट केल्या, कान त्यातच गेले. मी बारावीनंतर गोडाऊनमध्ये बॉक्स उचलले, पुढं आपल्याच विकलेल्या जमिनीवरच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर झालो. तेव्हा कोणी पत्र लिहून विचारलं नाही की या जास्तीच्या पैशात जास्तीचं काय मिळतं.

तू गेलीस, मी राहिलो. आईबाबांना दवाखान्यात मी नेतो. आयुष्यात एकदा मागतोय. सही कर.

लहान समजून नव्हे, भाऊ समजून वाच.

तुझा,
भूपेश

*

चाकण,
१४ फेब्रुवारी २०२३

चि. भूपेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. बाबांच्या कानांबद्दल लिहिलंस ते खरं आहे, आणि ते मला कोणी तोंडावर बोलून दाखवावं याची मी इतकी वर्षं वाट बघत होते असं वाटलं.

सही केलेले कागद सोबत पाठवते. आईला मी कळवणार नाही, ते तूच सांग. तुकड्याचा ताबा देण्याआधी वांगी निघू देत, झाडं भरात आहेत.

एकच मागते. गाडी घेशील ती चालव. आणि पहिल्या दिवशी बाबांना शेजारी बसव. त्यांना आवाज ऐकू येणार नाही, पण त्या गाडीत आवाज अडवणारा थर नाही, म्हणजे इंजिन अंगाला कळतं. त्यांना आवडेल.

स्वतःला जप.

तुझी,
ताई

*

काल्हेर,
१९ नोव्हेंबर २०२३

चि. रूपा हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला तू आली नाहीस. कामाचं कारण लिहिलंस, मी तेच खरं मानलं.

गाडी श्रावणात आली. पंचाहत्तरांतली एक्केचाळिसावी. रंग गडद हिरवा, शेवाळावर ऊन पडल्यासारखा. आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला आली. पूजा झाली, पण नारळ लांब फोडला आणि चाकाखाली लिंबू ठेवू दिला नाही, टायरला डाग पडतो म्हणून. त्यानंतर ती घरी नाहीच. भाड्यानं एक गाळा घेतलाय, एसी लावून तिथं ठेवली आहे, अंगावर मऊ कापड. रविवारी भूपेश जातो, पाच मिनिटं इंजिन चालू करतो, बंद करतो, शटर ओढतो.

एका रविवारी मला नेलं. इंजिन चालू असताना मी बोनेटवर हात ठेवला. बाय, तळहातातून खांद्यापर्यंत कारखाना आला. सगळे लूम एकदम चालू असल्यासारखे. कान गेल्यापासून असं काही मला मिळालं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हात काढला तेव्हा भूपेशनं खिशातनं फडकं काढून तिथला ठसा पुसला. वाईट हेतूनं नाही. सवयीनं.

मी म्हटलं, मला कोन गावी आक्काकडे ने, बहिणीला गाडी दाखवतो. त्यानं वहीत लिहिलं, बाबा, हिचा प्रत्येक किलोमीटर भाव उतरवतो, न चालवलेलीच जास्तीला जाते. म्हणजे ती विकण्यासाठी घेतली हे मला तेव्हा कळलं.

तुझी आई आता आक्काकडेच असते. वांगी निघायची होती तेव्हाच जेसीबी आला. ती बांधावर उभी राहून बघत होती. तुकड्याभोवतीची भिंत पुरी झाली त्या दिवशी दोन लुगडी आणि पाटी घेऊन कोनच्या रिक्षात बसली. मी गेलो होतो आणायला. म्हणाली असावी काहीतरी, मला ऐकू आलं नाही, आणि वहीत लिहायला तिला येत नाही.

तुझ्या सहीबद्दल तिनं मला विचारलं नाही. तुला विचारील तेव्हा खोटं सांगू नकोस.

पत्रात खंड पाडू नकोस.

तुझा,
बाबा

*

काल्हेर,
६ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दीड वर्षांत तुझी एक ओळ नाही, तरी बातमी पहिली तुलाच देतो. गाडी विकली. हैदराबादच्या एका शौकिनानं घेतली. मी दिली होती त्याहून बऱ्याच जास्त किमतीला. माझ्याबरोबर ज्यानं साधी घेतली त्याची निम्म्यावर आली आहे. आता सांग, स्पेशल एडिशनचे जास्तीचे पैसे वाया गेले का? तुझी सगळी पारख चुकली.

आईचा तुकडा परत घ्यावा असं माझ्या मनात होतं, देवाशपथ. पण तिथं गोडाऊन उभं राहिलंय, मालक विकत नाही. आईला सांग, आता तरी घरी ये. माझ्याशी ती बोलत नाही. मी गेलो की आतल्या खोलीत जाऊन बसते.

दुसरी गोष्ट. कंपनीकडून पत्र आलंय. नवीन गाडी येतेय, देशात वीसच. आधीच्या मालकांना पहिला मान. मोठ्या अक्षरांत माझं नाव छापलंय. हातातले पैसे कमी पडतात, म्हणून राहत्या घरावर कर्ज काढायचं आहे. दोन वर्षांत फेडतो. बाबा तयार आहेत. तुझी सही पाहिजे. मागच्या वेळी माझं बरोबर निघालं, हे लक्षात घे.

वाट बघतो.

तुझा,
भूपेश

*

काल्हेर,
९ एप्रिल २०२५

चि. रूपा हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र भूपेशला न सांगता लिहितोय. स्वतः पोस्टात टाकीन.

गाडी नेणारा ट्रेलर हायवेवर थांबला होता, कंटेनरची रांग लागल्यामुळं आत येईना. मग भूपेशला ती हायवेपर्यंत चालवत न्यावी लागली. मी गाळ्यापाशी उभा होतो. त्यानं काय मनात आणलं कोण जाणे, दार उघडलं आणि मला बसायची खूण केली. सीटवरचं प्लास्टिक त्यानं स्वतः फाडलं.

दीड-दोन किलोमीटर असेल. खड्ड्यांतून हळूहळू, मग पुलाच्या अलीकडं रस्ता मोकळा झाला आणि त्यानं एकदा पाय दाबला. पाठीतून, दातांतून, छातीतून सगळं गेलं. मी ओरडलो असेन, कारण त्यानं माझ्याकडं बघितलं. तो हसत होता. सहा वर्षांचा असताना हसायचा तसा. ते तुला कळावं म्हणून लिहितो. त्या गाडीत काहीतरी होतं, बाय. नुसता रंग नव्हता.

मग उतरलो. दोन माणसांनी ती ट्रेलरवर चढवली, कापड घातलं. आम्ही रिक्षानं परत आलो. रिक्षातच त्यानं माझी वही घेतली आणि नवीन गाडीचं लिहिलं, वीसच येणार, घराचे कागद लागतील. मी विचारलं, ती तरी चालवशील ना. त्यानं लिहिलं, बघू.

मी मान हलवली. त्याच्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं, मला मान आडवी हलवता आली नाही. जन्मात मला ह्या मुलाला न्हाय म्हणता आलेलं नाही. तुलाही आलं नव्हतं. माझ्या वाटचं न्हाय या वेळी तू म्हण. तो माझ्यावर रागावला तर मी इथं एकटा पडेन, तुझ्यावर रागावला तर तू लांब आहेस. हा माझा भित्रेपणा आहे. बापाचा आहे म्हणून पदरात घे.

तुझा,
बाबा

*

मु. कोन,
२० एप्रिल २०२५

भूपेश,

चार दिवसांची रजा काढून आक्काआत्याकडे आले आहे. तुझं पत्र मिळालं.

गाडीच्या किमतीबद्दल तुझं बरोबर निघालं. मी चुकले. जास्तीचे पैसे जास्तीनं परत आले, हे मान्य करते. मी लोखंड तपासलं, तू माणसं ओळखलीस. हे टोमणा म्हणून लिहीत नाही.

घरावर मी सही करणार नाही. आत्ता नाही, पुढच्या महिन्यात नाही, तू कितीही नफा दाखवलास तरी नाही. बाबा हो म्हणाले असले तरी नाही. कॉलेजचं पुन्हा काढणार असशील तर काढ, ते मला पाठ आहे. त्याच भारानं मी मागच्या वेळी सही केली आणि आईची उभी वांगी गेली. माझा अपराध तुझ्यापेक्षा कमी नाही. काल तिला सगळं सांगितलं. तिला पहिल्यापासून माहीत होतं. तलाठ्याच्या माणसानं तिला माझी सही दाखवली होती. दोन वर्षं ती मी तोंडानं कबूल करायची वाट बघत होती.

आई इथंच राहणार म्हणते. सकाळी बाजारातून भाजी विकत घेते आणि कोनच्या नाक्यावर विकते. सुटतं फार थोडं. घरी चल म्हटलं तर ऐकत नाही, माझ्याकडे चाकणला चल म्हटलं तर त्याहून नाही. आज मी तिच्याशेजारी बसले होते. तिनं मला मेथीच्या जुड्या बांधायला दिल्या, माझ्या सैल होत होत्या, त्या सोडून तिनं पुन्हा बांधल्या.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, सगळं. किती जास्तीला गेली ते ऐकून तिनं विचारलं, “मंग त्यातला त्याच्यापाशी काय रायला?” मी म्हटलं, पुढची गाडी. तिनं मान डोलवली आणि भाजीवर पाणी शिंपडायला लागली.

पत्राच्या शेवटी ‘लोभ आहे तो वाढावा’ असं लिहितात, ते लिहायला पेन टेकवलं होतं. राहू दे.

रूपा